पांढऱ्या दोऱ्याची गाठ

पोरी, हे पत्र हाती आलं की आधी एका जागी बस. तो फोन उलटा ठेव. मी तुझ्यावर रागावले आहे, ते पहिले ऐकून घे. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. आंब्यांच्या दिवसांत येते म्हणालीस, तेव्हाही नाही. आणि परवा एकदम फोटो पाठवलास. पलंगावर कापडांची चळत आणि खाली एक ओळ, "मावशी, बाळाची गोधडी शिवतेय, कापड आधी धुवायचं का शिवून झाल्यावर?" तब्येत कशी आहे, खाणं जातं का, त्याचा एक शब्द नाही. वरून सांगतेस की मोबाइलवरच्या बायांचं एकमत होत नाही. एक म्हणते धुवाच, दुसरी म्हणते नवं कापड कडक असतं तोवर सरळ कापता येतं, म्हणून धुऊ नका. अगं, सख्खी मावशी यवतमाळात बसली आहे आणि तू त्या बायांना विचारून उरलेलं मला विचारतेस!

फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. त्या चळतीत तळाशी एक लालभडक कापड आहे, घडी न मोडलेलं, कडेला कुंकवाचं बोट लागलेलं. ते तुझ्या ओटीभरणात सासूबाईंनी दिलेलं आहे ना? तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखलं. त्या कापडापायीच हे सारं लिहायला बसले. धुवायचं की नाही हे एका शब्दात सांगता येतं गं. पण ते मी जिच्याकडून शिकले, ती बाई एका शब्दात मावत नाही.

कळंबला आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हाची ती घरमालकीण. तुझे मावसाजी तेव्हा तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते. खोल्या पाहायला गेलो तर खोली दाखवायच्या आधी तिनं माझा पदरच धरला.

"नवी हाये का साडी?"

"हो, यंदाचीच."

"धुतली?"

"एकदा."

तांब्यात बोटं बुडवून तिनं पदराचं टोक ओलं केलं, खांद्यावरच्या पांढऱ्या पंचाच्या चिमटीत धरलं आणि चोळलं. पंचावर जांभळा डाग.

"मालकानं आणली असंल."

"हो, त्यांनीच."

"दिसूनच राह्यलं." मग ती मावसाजींकडे वळली. "अन् तुमचा सोताचा रंग पक्का हाये का वो?"

मावसाजी बोलायला कमी, त्यांनी नुसती मान हलवली. मला हसू आवरेना. माझ्या हसण्यावरच तिनं खोल्या दिल्या असाव्यात, कारण नंतर म्हणायची, "पदराचा डाग पाहून जे रागावते, थे घर खराब करते." हे तिनं कशावरून ठरवलं होतं, देव जाणे.

उंच, काटकुळी, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. अंगावरच्या सुती साडीला रंग म्हणून उरलेला नव्हता. जो जायचा तो केव्हाच गेला होता, म्हणून ती साडी तिच्या मर्जीत होती. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, लेकरू नाही. पोटापाण्याला दोन खोल्यांचं भाडं आणि गोधड्या. आसपासच्या गावांतून बाया जुनी लुगडी, साड्या घेऊन तिच्याकडे यायच्या. टाका असा बारीक आणि सारखा, की उलटी बाजू कोणती ते कळायचं नाही.

पण संशय! बाप्पा रे! दूधवाल्याचं दूध ती फरशीच्या उतारावर थेंबभर सोडून पाहायची, कसं वाहतं ते. सिलेंडरवाल्याला उंबऱ्यातच थांबवून सिलेंडर दोन्ही हातांनी हलवायची. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी परत करताना विचारायची, "आज काहून आठवण आली?" नळाला चांगलं पाणी यायचं, तरी गोधडीच्या कापडाला ती परसातल्या विहिरीचंच घ्यायची. नळाच्या पाण्यात काय मिसळतात ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून.

आणि गाठी. तिच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. बालदीच्या कडीला गाठ, खराट्याला गाठ, वाळवणाच्या चिमट्यांना, छत्रीच्या दांड्याला, तव्याच्या कानालासुद्धा गाठ. माझी बालदी एकदा चुकून तिच्या मोरीत गेली तर तिनं ती बाहेर आणून ठेवली आणि म्हणाली, "तुही हाये. गाठ नाई." मी म्हटलं, काकू, तुमची निळी आणि माझी हिरवी आहे, गाठ कशाला पाहता? तर म्हणे, "रंगाचा काय भरवसा?"

कापडाच्या बाबतीत तर विचारूच नको. पाण्यातून काढल्याशिवाय ती सुई लावायची नाही. तिचं म्हणणं साधं होतं. नव्या कापडात खळ असते, ती निघाल्यावर कापड आटतं. वरचं कापड नवं आणि आतलं जुनं घेऊन गोधडी शिवली की पहिल्या धुण्यात वरचं आटणार, आतलं आटणार नाही, सगळीकडे चुन्या पडणार आणि गोधडी गोळा होऊन बसणार. आणि दुसरं म्हणजे रंग. "दुकानात सारेच गुणाचे," ती म्हणायची, "पाण्यात घालून पाहावं, कोण काय सोडते ते."

बायांना हे लागायचं. कारण तू आजकालची, तुला कदाचित ठाऊक नसेल, ओटीतला ब्लाउज पीस एकदा पाण्यात बुडाला की गेला. खळ गेली, घडी मोडली, मग तो कुणाच्या ओटीत घालता येत नाही. नाहीतर तो फिरतच असतो. मी तुला द्यायचा, तू जावेला, जाऊ नणंदेला, आणि कुणीच शिवायचा नाही. हिच्याकडे गोधडीसाठी म्हणून कुणी असे पीस आणले की ही ते त्याच पावली बालदीत घालायची. बाया म्हणायच्या, आमची कापडं काय घाण आहेत का? आणि आपसात आणखीही काही म्हणायच्या. विधवा बाई, तिनं ओटीचं कापड भिजवावं, हे त्यांना बरं दिसायचं नाही. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. पण हळदीकुंकवाला आख्खी गल्ली यायची, तिच्या दाराशी कुणी थांबायचं नाही. तीही दार लोटून घ्यायची आणि फटीतून कोण कोणती साडी नेसून गेली ते पाहायची. दुसऱ्या दिवशी मला सांगायची, "कोपऱ्यावरचीच्या साडीचा रंग जाते. परकराच्या काठाले उतरला हाये, पाह्य."

आता मुद्द्यावर येते. तुझी मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला कळंबला आली. सातव्यात तिची ओटी भरली होती, त्यातले सारे ब्लाउज पीस तिनं पिशवीत घालून आणलेले. तिची हौस अशी, की आत माझी जुनी मऊ साडी आणि वर हे ओटीचे तुकडे, अशी बाळाची गोधडी करायची. बाळ सगळ्यांच्या आशीर्वादावर झोपेल म्हणे. त्या सगळ्यांत मानाचा तुकडा विहीणबाईंचा, लालभडक, जरीचा बारीक काठ. आणि विहीणबाईंनी निघताना बजावून ठेवलेलं, "आमचं कापड मधात लावा. बारशाले येतो तवा पाहीन."

ते गाठोडं मी घरमालकिणीकडे नेलं आणि सांगितलं, काकू, एवढी एक गोधडी न धुता शिवा. ओटीचं कापड आहे, त्यावरचं हळदकुंकू जाईल. शिवाय विहीणबाईंना कळलं की आम्ही त्यांचं कापड बालदीत घातलं, तर बारशाच्या दिवशी महाभारत होईल आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागेल.

"मंग दुसऱ्या कोणाकडून शिवून घे."

"तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही."

"लेकरू गोधडीचा कोपरा तोंडात घालते. ओलं करते. जे रंग सोडंन थे लेकराच्या अंगाले लागंन. मले पाप नको."

गाठोडं मात्र तिनं ठेवून घेतलं. मला भरवसा वाटेना. मी आपली मागच्या खिडकीतून तिच्या वाळवणाच्या दोरीवर नजर ठेवून. दोरी रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली, रिकामी. त्यावरूनही संशयच आला, घरात तर वाळवत नसेल? तेवढ्यात तिनंच हाक मारली, "ये वो बाई. खिडकीतून पाहून मान दुखंन. तुह्या डोयासमोर पाहतो, नाईतर मागून म्हणशील का म्या कापडच बदललं."

अंगणात पाटावर पांढरा पंचा पसरलेला. एकेका तुकड्याचा फक्त कोपरा ओला करायचा, पंचावर ठेवायचा आणि वरून गरम पाण्याचा तांब्या दाबून धरायचा. हिरवा, पिवळा, फुलाफुलांचा, सगळे पास झाले, एका निळ्यानं जरासा धाक दाखवला इतकंच. मग लाल. तांब्या उचलला तर पंचावर ओलं कुंकू सांडल्यासारखं.

माझ्याकडे पाहत राहिली. मीच म्हटलं, "टाका पाण्यात."

बालदी लाल झाली. पाणी ओतलं, मीठ घातलं, दुसरं घेतलं, तेही लाल. तिसरं घेतलं, तेही. तिच्या हाताचे तळवे रंगले, फरशीच्या भेगा रंगल्या. शेवटी पिळून तिनं ते कापड माझ्यासमोर धरलं. कापड अजून लालच होतं आणि पाणी सोडतच होतं.

"हे थांबनारं नाई."

आणि माझा असा भडका उडाला म्हणून सांगू! माझ्या पोरीच्या ओटीत, पोटातल्या लेकराच्या नावानं, असलं कापड? स्वतःच्या नातवासाठी दहा दुकानं पालथी घालता आली नाहीत बाईला? मानाचं म्हणून मिरवलं आणि दिलं काय, तर हे. मी तिथंच म्हटलं, "येऊ द्या बारशाला. चारचौघींसमोर हीच बालदी आणून ठेवते आणि विचारते, विहीणबाई, हा तुमचा आशीर्वाद का?"

आमच्या मागच्या दारात पोरगी उभी होती, कठड्याला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "आई, मले त्याच घरी राहाचं हाये."

मी गप्प बसले, पण शांत नाही बसले. तू मला ओळखतेस. पुढं नातू झाला, दवाखान्यातून घरी आला, सगळा आनंद झाला, तरी डोक्यात ती बालदी होतीच. विहीणबाई काय म्हणतील, मी काय म्हणेन, मग त्या काय म्हणतील, भांडी घासता घासता मी दोघींचं बोलून घ्यायची. घरमालकिणीनं बाकीच्या तुकड्यांची गोधडी पूर्ण करून आणली. तिच्या काखेत ते लाल कापडही होतं, वाळवून, घडी घालून.

"इहिनीले काई बोलू नको," ती म्हणाली.

"का नको? तुम्हीच तर पाहिलं."

"हे कापड तिचं नाई. माह्यं हाये."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. तिनं घडी उलगडली आणि काठाच्या टोकाला बोट ठेवलं. तिथं दोऱ्याची गाठ होती, अगदी बारीक, तिच्या बालदीला होती तशीच.

"मालक होते तवा मी बी हयदीकुकू करत होतो. कोणाले तरी देल्लं असंन. फिरत फिरत गेलं तिच्याकडं. तिनं घडी नाई मोडली, तिले काय मालूम रंग जाते म्हनून? पाप हाये तर माह्यं हाये. म्या न धुता देल्लं."

माझ्यातली हवाच गेली. भांडायचं कुणाशी? ही बाई दुनियेच्या कापडावर संशय घेत फिरली आणि खोटा रंग निघाला तो हिच्याच पेटीतला. मला तर तेव्हा मनातून थोडं बरंही वाटलं. चला, सापडली म्हटलं. कापड मी ट्रंकेत टाकलं आणि बालदीचा विषय सोडला.

बारशाला विहीणबाई बोरी अरबहून जीप करून आल्या, सोबत जावा, नणंदा. पाळण्याला हात लावायच्या आधी त्यांनी गोधडी उचलली. एका बाजूनं पाहिली, उलटून पाहिली. बाया गाणं म्हणत होत्या, त्याही हळूहळू थांबल्या.

"सगळ्यायचे तुकडे दिसून राह्यले. आमचाच दिसत नाई."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला आजही आठवतो गं. मी काय सांगणार होते? रंग जात होता म्हटलं तर त्यांचा अपमान. विसरलो म्हटलं तर आमचा उर्मटपणा. तेवढ्यात मागून, दाराजवळून आवाज आला. घरमालकीण तिथं उभी होती. पाळण्याजवळ ती येत नसे, कुणी ये म्हणतही नसे.

"थे म्या खराब केलं," ती म्हणाली. "बाईनं बजावलं होतं, धुऊ नका. म्या आयकलं नाई. माह्या हाताले खोड हाये, बालदीत घातलं. रंग उतरला, लावाच्या लायक नाई राह्यलं."

विहीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचं मोकळं कपाळही पाहिलं. मग तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या, "ओटीचं कापड कोनाच्या हाती द्याव, एवढं तरी पाहा लागते विहीनबाई."

घरमालकीण तशीच उभी राहिली, हात पदरात. मला वाटलं आता बोलेल, तिच्या तोंडाला काही कुलूप नव्हतं. पण ती म्हणाली, "खरं हाये तुमचं," आणि निघून गेली. एका बाईनं पुन्हा गाणं उचललं, विहीणबाईंनी नातवाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, पेढे वाटले. निघताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुह्यी काई चूक नाई माय. लवकर ये घरी."

संध्याकाळी मी ताट घेऊन घरमालकिणीकडे गेले. तिनं पेढा फोडून वास घेतला. "डेअरीचा खवा हाये," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुह्या इहिनीच्या साडीचा बी रंग जाते. दारातून निंगताना पाह्यलं म्या."

आता पुढचं ऐक. हे मी तुझ्या मावसबहिणीलाही सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते.

आम्ही कळंब सोडून यवतमाळला आलो, तेव्हा ट्रंक आवरताना ते लाल कापड हाती लागलं. खिडकीपाशी उजेडात धरलं, चष्मा होता डोळ्यांवर. गाठ पाहिली. पोरी, गाठ पांढरीशुभ्र होती. तांदळाच्या दाण्यासारखी पांढरी.

कळलं का तुला? ते कापड माझ्या डोळ्यांसमोर बालदीमागून बालदीत बुडालं होतं. तिचे तळवे रंगले, फरशी रंगली. त्या पाण्यात तो दोरा असता तर पांढरा राहिला असता का? तिचा नवरा होता तेव्हाची गाठ म्हणे! एवढ्या वर्षांचा दोरा पिवळा तरी पडला असता. ती गाठ धुतल्यानंतर मारलेली होती. कापड वाळलं, आणि मग तिनं घरी बसून सुई घेतली.

म्हणजे कापड विहीणबाईंचंच होतं. तिचं कधीच नव्हतं.

मी ट्रंकेवरच बसून राहिले. तिच्या दाराशी जी गल्ली थांबत नव्हती, त्या गल्लीला तिनं बोलायला आणखी एक कारण दिलं, कुणाच्या पोरीसाठी, तर भाडेकरणीच्या.

की अजूनही काही वेगळंच आहे? मला तिचीच सवय लागली बघ, एकदा संशय आला की तो राहत नाही. म्हणून मी फोन केला. ती आता उमरखेडला बहिणीकडे असते. फोन उचलते, पण आधी परीक्षा घेते. "माह्या मोरीत कोन्त्या रंगाची बालदी होती, सांग पयले." मी म्हटलं, निळी, कडीला गाठ. मग बोलायला लागली. पाणी, दूध, बहिणीचा जावई, सगळ्यांची उलटतपासणी झाली. शेवटी मी हळूच विचारलं, "काकू, त्या लाल कापडाच्या गाठीचा दोरा पांढरा कसा राहिला हो?"

पलीकडे तिनं बहिणीला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"पक्का दोरा असंन. कंपनीचा."

"काकू, तीन बालद्या लाल झाल्या होत्या."

"तुले लय शंका येतात वो बाई," ती म्हणाली. "इतक्या शंका बऱ्या नाईत." आणि फोन ठेवून दिला.

ती गोधडी नातवानं शाळेत जायच्या वयापर्यंत ओढत नेली. शेकडो वेळा धुतली असेल, एक चुनी नाही पडली. विहीणबाई आणि मी आता लग्नकार्यात शेजारी बसतो, एकमेकींना लोणची पाठवतो. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि ते तसंच राहू दे.

तर पोरी, कापड आधी धुवायचं. सारं धुवायचं, मोबाइलवरच्या बाया काही म्हणोत. पण तू घरी एकटीनं धुऊ नकोस, आणि सासूबाईंच्या समोर तर मुळीच नको. सगळं गाठोडं आहे तसं बांध, ते लाल वरती ठेव, चुरगळू देऊ नको, आणि नवऱ्याला सांग मावशीकडे सोडून दे म्हणून. मी पंचा काढून ठेवला आहे, पाण्याला आधण तू आल्यावर ठेवू. रंग पक्का निघाला तर मधोमध लावू. कच्चा निघाला तर कुणाचं नाव सांगायचं ते दोघी बसून ठरवू, माझं सांगितलंस तरी चालेल. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घरात आहे. लवकर ये गं, दिवस भरत यायच्या आत ये.